विरोध विहिरीला की जागेला?

पत्र

मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेच्या गावात राहते. शाळेतून निवृत्त झाले आहे. गावाला धरणाचं पाणी नळाला आठ-दहा दिवसांनी येतं. आता नगरपरिषद आमच्या प्रभागात नाल्याकाठी नवी विहीर खोदणार आहे. जागा जुन्या कचरा डेपोच्या मागे, जेमतेम दीडशे मीटरवर. पलीकडे स्मशानभूमी. डेपो बंद झाला, पण ढीग तिथंच आहे. आम्ही कृती समिती केली, मला अध्यक्ष केलं. मुलानं पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर आणला. आमच्या घरच्या बोअरचं पाणी ११८० दाखवतं. ‘विषारी पाणी नको’ असे फलक लावले. खर्च गल्लीतल्या एका टँकरवाल्या गृहस्थांनी केला. पोकलेन आला तेव्हा आम्ही बायका आडव्या बसलो, काम थांबलं. पण माझी धाकटी जाऊ गावाच्या वरच्या टोकाला राहते. तिथं नळच नाही, टँकर येतो. ती म्हणते, ‘तुमच्या दारात बोअर आहे, म्हणून तुम्हाला आंदोलनं सुचतात.’ दिवाळीच्या फराळालाही आली नाही. मुख्याधिकारी म्हणतात, चाचणी बोअरच्या पाण्याचा नोव्हेंबरमधला अहवाल ‘पिण्यायोग्य’ आहे. लवकरच बैठक आहे. आमचं चुकतंय का? बैठकीत काय मागू? आणि घरी जारचं पाणी लावावं का?

(नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

ताई,

तुमची शंका जागेबद्दल आहे आणि तुम्ही भांडताय विहिरीशी. चुकतंय ते एवढंच, पण ते महागात पडेल. आठ-दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गावात ‘विहीर नको’ म्हणणारी समिती फार दिवस टिकत नाही. उन्हाळा लागला की तुमच्याच गल्लीतले निम्मे लोक गप्प होतील. शिवाय १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं गावाला पाणी पुरवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. मुख्याधिकारी विहीर खोदू पाहतात यात गैर काहीच नाही. ती कुठं आणि कशी खोदतात हे विचारायचा हक्क मात्र तुमचा आहे, आणि तिथं तुमची बाजू भक्कम आहे.

आधी भक्कम बाजू. डेपो बंद झाला म्हणजे विषय संपला असं नगरपरिषदेला वाटत असेल, तर त्यांना एकदा पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीला नेऊन आणा. पुण्याचा कचरा तिथं वर्षानुवर्षं पडत गेला आणि आजूबाजूच्या विहिरी नासल्या. गावकऱ्यांनी किती वेळा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलंय. ढिगावर पडलेला पाऊस कुजलेल्या कचऱ्यातून झिरपतो आणि काळं पाणी होऊन जमिनीत उतरतो. त्यात क्लोराइड असतं, अमोनिया असतो, लोह आणि मँगनीज असतं. ढिगात जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे असतील तर शिसं, क्रोमियम, कॅडमियमही. नव्या भरावभूमीखाली, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेखाली, अस्तर घालावं लागतं. छोट्या गावांच्या जुन्या डेपोखाली ते शोधूनही सापडायचं नाही. आणि नवा कचरा पडायचा थांबला तरी जुन्यातलं झिरपणं कितीतरी वर्षं चालू राहतं.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत भरावभूमी पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर असावी असं म्हटलं होतं. तुमची जागा दीडशेवर. नगरपरिषदेचा वकील म्हणेल, तो नियम डेपोची जागा ठरवण्यासाठी होता, विहिरीची नव्हे. अक्षरशः बघितलं तर त्याचं बरोबर आहे. पण कचरा विहिरीजवळ नेणं चालत नसेल, तर विहीर कचऱ्याजवळ नेणं कसं चालतं, हे विचारायला वकील लागत नाही.

तरी दोनशे मीटरच्या आकड्यालाही फार चिकटू नका. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी चालतं ते वरच्या मुरमातून आणि दगडाच्या भेगांतून. भेग जिकडे जाईल तिकडे पाणी. त्यामुळे डेपोच्या शेजारची विहीर बरी आणि लांबची नासलेली, असंही होऊ शकतं. खरा प्रश्न आहे तो डेपोखालचं पाणी कोणत्या दिशेला सरकतंय हा. परिसरातल्या तीन-चार विहिरींतल्या पाण्याच्या पातळ्या एकाच दिवशी मोजायच्या, जमिनीची उंची हिशेबात धरायची, की पाण्याचा उतार कळतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांचं हे नेहमीचं काम आहे. ते या जागेसाठी झालंय का, हा बैठकीतला तुमचा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा, आणि तो कुणी विचारत नाही. ताटातल्या रव्याच्या ढिगात मधोमध बोटानं खळगा केला की चारी बाजूंचा रवा तिकडे घसरतो. विहिरीवर पंप बसून रोज तासन्‌तास उपसा सुरू झाला की भोवतालच्या भूजलाचं तसंच होतं. पातळी विहिरीपाशी खचते आणि पाणी सगळीकडून तिकडे ओढलं जातं. आज डेपोखालचं पाणी नाल्याच्या बाजूला जात असेल, उद्या पंप ते विहिरीत खेचून आणेल. म्हणून चाचणी बोअरमधून एकदा बाटली भरून केलेली तपासणी उद्याच्या पाण्याबद्दल फारसं काही सांगत नाही. नाहीतरी विहिरीला पाणी किती आहे हे ठरवण्यासाठी उपसा चाचणी करावीच लागते. मागणी अशी करा की ती चाचणी भर उन्हाळ्यात, पुरेसा वेळ पंप चालवून करा, आणि सुरुवातीला, मध्ये व शेवटी असे तीन नमुने घ्या. तीनही सारखे निघाले तर तुमची भीती बरीच कमी होईल. क्लोराइड, अमोनिया चढत गेले तर मुख्याधिकाऱ्यांनाच घाम फुटेल. शिवाय मे महिन्यात जी विहीर पाणी देते तीच गावाच्या कामाची, तेव्हा ‘तुम्ही काम लांबवताय’ या आरोपालाही उत्तर त्यातच आहे.

आता तुमचा फलक. तो उतरवा. ११८० हा विषाचा आकडा नाही. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, विरघळलेल्या क्षारांसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा सांगतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. हजाराच्या वर टीडीएस असलेले बोअर मराठवाड्यात काही नवलाचे नाहीत. पाण्यातून वीज किती वाहते एवढंच तो मीटर मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. त्याला जंतू दिसत नाहीत, शिसं वेगळं ओळखता येत नाही. धरणाच्या पाण्यात गटार मिसळलं तरी मीटर २०० दाखवेल आणि ते पिऊन माणूस दवाखान्यात जाईल. तुम्ही ‘विष’ म्हणालात की पाणीपुरवठा अभियंता मानकाचा कागद पुढे करेल, सभागृह हसेल, आणि डेपोचा खरा मुद्दा त्या हशात वाहून जाईल. स्मशानभूमीही निवेदनातून काढा. मनाला पटत नाही हे समजू शकते, पण दहनाच्या राखेची तक्रार आणि उघड्या डेपोची तक्रार एका वजनाची नाही. शेजारी शेजारी लिहिली की दोन्ही हलक्या होतात.

‘पिण्यायोग्य’ हा शिक्का कशाकशावर बसलाय ते बघा. नेहमीच्या तपासणीत सामू (पीएच), क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह आणि जंतू एवढं असतं. डेपोशेजारच्या जागेला ते पुरत नाही. अमोनिया, मँगनीज, शिसं, क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी मागून घ्यावी लागते. मागितली नसेल तर अहवालात त्या ओळीच नसतील, आणि ओळ नसणं म्हणजे दोष नसणं नव्हे. मानकं तुमच्या वहीत असू द्या: नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर अजिबात नाही, शिसं ०.०१, क्रोमियम ०.०५. फ्लोराइड १, आणि नाइलाज असेल तर १.५. ई-कोलाय हे विष्ठेतले जंतू १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

नमुना नोव्हेंबरचा आहे, हेही टिपून ठेवा. पावसानं पातळ झालेलं आणि पहिल्या सरींची घाण ओसरून गेलेलं पाणी. उन्हाळ्यात क्षार घट्ट होतात, जून-जुलैच्या पहिल्या जोरदार पावसानंतर जंतू वाढतात. नाल्याकाठच्या विहिरीचा एकच अहवाल, आणि तोही नोव्हेंबरचा? मी मुख्याधिकारी असते तर त्यावर सही करायला कचरले असते.

इथं एका परक्या गावाची गोष्ट सांगते, कारण ती तुमच्या बैठकीत उपयोगी पडेल. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं पाचेक हजार वस्तीचं गाव आहे. १९७८ मध्ये तिथल्या नगरपालिकेनं पाच क्रमांकाची विहीर सुरू केली. विहीर उथळ होती, शेजारी शेती होती. भोवतालच्या जमिनीवर ताबा ठेवा, असा इशारा तेव्हाच तज्ज्ञांच्या अहवालात दिलेला होता. मंजुरी मिळाली, अटी राहून गेल्या. २२ वर्षं काही झालं नाही. मे २००० मध्ये मुसळधार पाऊस झाला, शेतातल्या शेणखतातले ई-कोलाय विहिरीत उतरले, सात माणसं गेली आणि २,३०० हून अधिक आजारी पडली. शेतकऱ्यानं खत रीतसरच टाकलं होतं. चौकशीत निघालं ते वेगळंच: क्लोरीन किती आहे हे रोज मोजायच्या ऐवजी कर्मचारी नोंदवहीत मनानं आकडे भरत होते. त्यांना पाणी मुळात शुद्धच वाटायचं, ते स्वतःही बिनक्लोरीनचं पीत.

आपल्या दारचं उदाहरण तर ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा त्या भागाला पाणी पुरवणारी नांदेडगावची मोठी विहीर एकदम चर्चेत आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि पाण्यातल्या क्लोरीनची धावपळीनं मोजदाद सुरू झाली. ती मोजदाद एरवी रोजची असायला हवी.

म्हणून विहीर शेवटी कुठंही होवो, तुमच्या समितीचं अर्धं लक्ष टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या पोत्यावर असू द्या. हजार लिटरला अडीच ग्रॅम हा ढोबळ हिशेब. सहा मीटर व्यासाची विहीर आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ८५ हजार लिटर, म्हणजे साधारण २१२ ग्रॅम पावडर. पावडर टाकून अर्धा-एक तास थांबायचं, मग पाणी सोडायचं. उघड्या पोत्यात महिनोन्‌महिने पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, ती चुन्यासारखी पांढरी दिसते एवढंच. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. ओटी टेस्टचा थेंब टाकला की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं, दोन मिनिटांचं काम. ही टेस्ट प्रभागातल्या लोकांसमोर करायची आणि नोंदवही कुणालाही बघू द्यायची, हे लेखी मागा. वॉकरटनला नेमकं हेच नव्हतं.

बांधकामाबद्दल थोडक्यात: कठडा नाल्याच्या पुराच्या पातळीच्या वर, वरचा भाग पक्का बांधून बाजूचं पाणी आत येणार नाही असा, भोवती उतरता ओटा, वर झाकण. अभियंत्याला हे ठाऊक असतं. अंदाजपत्रकात आहे का, एवढंच विचारा.

बैठकीला जाण्यापूर्वी माहिती अधिकारात अर्ज टाका: १० रुपये, ३० दिवस. जागा निवडीचा भूवैज्ञानिक अहवाल, पूर्ण तपासणी अहवाल, अंदाजपत्रक आणि पाहिलेल्या इतर जागांची नोंद मागा. ही शेवटची मागणी विसरू नका. बहुतेक वेळा जागा निवडली जाते ती सरकारी मालकीची आहे, भूसंपादन नको, म्हणून. नाल्याच्या वरच्या अंगाला, डेपोच्या आधी जागा पाहिली होती का? गावातली एखादी जुनी बारव किंवा सरकारी विहीर गाळानं भरून पडलीय का? हे तुम्हीच फिरून बघा आणि दोन पर्याय हातात घेऊन जा. पर्याय घेऊन आलेल्या समितीला अडवणारी म्हणणं जड जातं. आणि साचलेला ढीग उपसून बायोमायनिंग करण्याची, म्हणजे जुना कचरा चाळून वेगळा करण्याची मागणी त्याच निवेदनात घाला. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये जुन्या डेपोंसाठी तरतूद आहे. ढीग हलल्यानं जमिनीतलं पाणी लगेच सुधारणार नाही, पण मूळ तरी जाईल. बैठकीचं इतिवृत्त सहीनिशी घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी ‘बघतो’ला काही किंमत नाही. एवढं लेखी मिळालं तर पोकलेनपुढे पुन्हा बसायची वेळ बहुधा येणार नाही.

आता जाऊबाई. त्यांचं बोलणं तुम्हाला लागलं, कारण ते अर्धं खरं आहे. तुमच्या दारात बोअर आहे, त्यांच्या दारात टँकरची रांग. उरलेलं अर्धं असं, की ही विहीर डेपोच्या पाण्यानं नासली तर ते पाणी आधी त्यांच्याच हंड्यात जाणार आहे, तुमच्या नव्हे. हे त्यांना फलकातून नाही, घरी जाऊन सांगा. फराळाला त्या आल्या नाहीत, तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही जा. जाताना उपदेश नेऊ नका, काम न्या: त्यांच्या वस्तीत येणारा टँकर कुठं भरतो ते दोघी मिळून शोधा. शेतातल्या उघड्या विहिरीवर भरत असेल तर त्याची तपासणी कुणी केली? त्या पाण्याचा नमुना तुमच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत द्या. समितीत त्यांच्या वस्तीतल्या दोघी-तिघी घ्या आणि निवेदनाची पहिली मागणी अशी ठेवा: नवी विहीर होईपर्यंत वरच्या वस्तीला तपासलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी ठरल्या दिवशी मिळालं पाहिजे. विहीर हवी म्हणणारे आणि जागा नको म्हणणारे एका बाजूला बसले, तर ‘हे विकासाच्या आड येतात’ असं म्हणायला कुणी उरत नाही.

टँकरवाल्या गृहस्थांचे पैसे परत करा. ते भले असतीलही. पण नळाला रोज पाणी आलं तर ज्याचा धंदा बसतो, त्याच्या पैशावर विहिरीचा विरोध उभा आहे, हे कुणाच्या लक्षात आलं की तुमची पाण्याची काळजी कुणी ऐकून घेणार नाही. वर्गणी काढा. फलक साधे लिहा. हातानं लिहिले तरी चालतील, तुम्ही शिक्षिका आहात.

राहिला तुमचा बोअर. तो डेपोपासून किती लांब आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण प्रभाग तोच आहे. डेपो झिरपत असेल तर त्याचा पहिला मार नव्या विहिरीला नाही, आज तुम्ही जे पाणी पिताय त्याला बसतोय. नगरपरिषदेच्या न खोदलेल्या विहिरीची तपासणी मागायची आणि स्वतःच्या बोअरवर दहा सेकंदांचा मीटर फिरवायचा, हे जमणार नाही. जिल्ह्याच्या पाणी गुणवत्ता प्रयोगशाळेत नमुना द्या. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ कॅन चालतो. जंतूंसाठी मात्र प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, तोटी आधी ज्योतीनं तापवा, थोडा वेळ पाणी वाहू द्या, मग भरा, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याचा नमुना असेल तर सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागा, नाहीतर वाटेतच क्लोरीन जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो.

जार घाईनं लावू नका. सुटे थंडगार जार घरपोच येतात, त्यांतल्या बऱ्याच जारांवर ना सील असतं ना परवाना क्रमांक. पुण्यात त्याच साथीत महापालिकेनं काही खासगी आरओ प्लांट सील केले होते. घ्यायचाच तर सीलबंद, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक छापलेला घ्या. जंतूंची शंका असेल तर पाणी खळखळून उकळणं पुरेसं आहे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, पाणी आटतं तसं वाढतं, आणि ते सगळ्यात वाईट तान्ह्या बाळांना, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्यानं कमी होते. तेव्हा अहवाल हातात आला की आधी नायट्रेटची ओळ बघा. ४५ च्या वर असेल तर स्वतःच्या घरी आरओ बसवण्याचा विचार नंतर करा. गल्लीत ज्यांच्याकडे वरच्या दुधावरचं बाळ आहे त्यांना त्याच दिवशी जाऊन सांगा, की बोअरच्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका.